गाळलेली ओळ

हिंगोलीच्या छावणीत, मेसच्या लांब खोलीत
गोऱ्यांनी नाटक बसवलं होतं,
त्यांच्याच कुठल्याशा जुन्या राजाचं.
राणी झाला एक लेफ्टनंट.
मिशा काढायला तयार नव्हता,
म्हणून राणीला जाळीचा पदर दिला.

पणजोबा सटवा तेली दिव्यांवर.
अठरा दिवे, करडईचं तेल.
इंग्रजीचा एक शब्द कळायचा नाही,
पण कुठल्या आवाजाला कुठली वात खाली करायची
हे महिनाभराच्या तालमीत पाठ झालेलं.
तिसऱ्या अंकात एक म्हातारा गाडीवान
राजासमोर उभा राहून एकच वाक्य बोलायचा.
ते संपलं की सहा दिवे खाली.

आदल्या संध्याकाळी कर्नलनं ते खोडलं.
पहिल्या रांगेत अव्वल तालुकदार बसणार,
हैदराबादचे पाहुणे बसणार,
आणि दारात पलटणीतले आपलेच शिपाई.
सटवाला कुणी सांगितलं नाही.
तो वातीवर हात ठेवून थांबला.
गाडीवान आला, वाकला, गेला.
सहा दिवे राजाच्या तोंडावर ढणढणत राहिले.
चार आणे कापले पगारातून.

वाक्य सटवाकडेच राहिलं.
साहेबानं दाबलं म्हणजे जहाल असणार.
ग्रहणात कयाधूच्या पाण्यात
कमरेइतका उभा राहून त्यानं ते सिद्ध केलं
आणि विंचू उतरवायला लागला:
*नकराउनी जोल्डर दंडगराउन*, फू.
औंढ्याकडून गाडीत घालून माणसं आणायचे.
उतरायचा.

मंत्र आजोबांकडे आला, मग कानावर पडून माझ्याकडे.
मी सातवीत. काझी मास्तरांनी
फळ्यावर मुकुटाचा इंग्रजी शब्द लिहिला, वाचला,
आणि तोंडातल्या तोंडात गाठ सुटली:
*कुठलाही मुकुट जमिनीहून जुना नाही.*
मी मोठ्यानं म्हणालो असणार.
मास्तरांनी खिडकी लावली.
कुणी शिकवलं?
विंचवाचं आहे, मी म्हणालो.
ते हसले नाहीत. हातावरचा खडू झटकत बसले.

घरी अर्थ सांगायला गेलो
तर आजोबांनी माझ्या तोंडावर हात ठेवला.
अर्थ फुटला की गुण जातो.

पुढच्याच्या पुढच्या वर्षी
कचेरीवरचं निशाण उतरलं.
सगळं गाव तिकडं पळालं होतं.
आजोबा ओट्यावर,
कुणाच्या तरी पोराचा पाय मांडीवर घेऊन
पुटपुटत होते,
रोजच्यापेक्षा जरा मोठ्यानं.