बर्वेवरून उतरताना

चर्च स्ट्रेटनच्या डोंगरावर जाणाऱ्या रस्त्याचं नाव बर्वे.
पहिल्यांदा पाटी वाचली तेव्हा वाटलं,
चला, इथेही आपलं कुणीतरी येऊन गेलंय.
कसलं काय. एक अरुंद डांबरी पट्टी,
एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही,
कठडासुद्धा,
आणि मधोमध बसलेली मेंढी, जिला कुठेच जायचं नाही.

विल्फ गेथिनकडून गाडी घेऊन तेव्हा दोन महिने झाले होते.
सत्तावन्नची एमजी, बाटलीसारखी हिरवी,
चारही चाकांना ड्रम.
पहिल्या वळणाला पाय ठेवला, ऐकलं तिनं.
दुसऱ्याला ऐकलं, कुरकुरत.
तिसऱ्याला जळका वास आला,
पाय खाली जातच राहिला
आणि गाडी आपली चाललीय.
मेंढी वाचली. कशी, ते मेंढीला माहीत.

विल्फ म्हणाला, ‘ड्रमचा दोष नाही, तुझा आहे.
चाळीस वर्षं उतरलो मी इथून.
ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात नाही.’
मी म्हटलं, मला पुढे डिस्क हव्यात.
त्यानं चहा संपवला, कप विसळला, गेला.

रविवारी खोकं घेऊन दारात उभा.
मेणकागद, त्याखाली त्र्याऐंशी सालचं वर्तमानपत्र,
त्याखाली ग्रीसमध्ये झोपलेल्या दोन तबकड्या,
कॅलिपर, हब, पावती.
‘बेरिलसाठी आणले होते.’
बेरिल बर्वेवरून गाडीतून कधीच उतरली नाही.
माथ्यावर दार उघडायची, चालत यायची,
आणि हा खाली फाटकापाशी, इंजिन बंद करून.
‘बसवणारच होतो. मग वाटलं, होईल तिला सवय.’
पाना शोधत असल्यासारखा तो खोक्यात बघत राहिला.
‘मलाच झाली. थांबायची.’

सील कुजले होते, नवे मागवले.
पिस्टन गंजलेले, तेही.
रबरी नळ्या काढून पोलादी विणीच्या लावल्या.
मास्टर सिलेंडरमध्ये एक एवढीशी झडप असते, ड्रमसाठी ठेवलेली,
ती काढली नाही तर
पाय उचलला तरी पॅड तबकडी सोडत नाहीत.
हे विल्फनं मला दोनदा सांगितलं.
त्याचे हात आता थरथरतात,
म्हणून खाली मी, आणि सीटवर तो.

मराठीत हवा काढणं म्हणजे एखाद्याचा माज उतरवणं.
इथे नुसती नळीतली.
मी भूलतज्ज्ञ, श्रूजबरीच्या इस्पितळात,
बुडबुड्याशी माझं जुनं वैर.
सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, मागचं डावं.
‘दाब,’ मी म्हणाले. मराठीतच, नकळत.
त्यानं दाबलं.
‘धर.’
बरणीत फेस आला, मग थोडे मोठे बुडबुडे, मग एकच, चुकार.
‘सोड.’
चौथ्या चाकापर्यंत मला बोलावंही लागलं नाही,
तोच वरून पुटपुटत होता, दाब, धर, सोड,
धरचा ‘ध’ त्याला काही जमेना.

माथ्यावर वारा होता. पलीकडे वेल्सच्या टेकड्या.
‘इथे उतरव मला,’ विल्फ म्हणाला.
पाऊस येईल, मी म्हटलं.
‘येऊ दे.’

मी उतरले. पहिलं वळण, दुसरं, तिसरं,
नुसता अंगठा टेकवावा तशी गाडी थबके.
इतकं सोपं, की थोडी लाजच वाटली.
फाटकापाशी इंजिन बंद केलं.
गरम लोखंड निवताना टिक टिक करतं,
ते मोजत बसले, मग मोजायचं सोडलं.

पंचवीस मिनिटांनी तो दिसला,
टोपी हातात, पँटला चिखल.
बेरिलबद्दल अवाक्षर नाही.
वाकला, पुढच्या चाकाच्या तारांतून हात घालून
तबकडीजवळची ऊब पाहिली,
मग मागच्या चाकाजवळ गेला, नाक लावलं.
‘मागचे ड्रम कसायला झालेत,’ म्हणाला,
आणि दार उघडून
माझ्या शेजारी बसला.