विरी

परभणीत, मे महिन्यात
मी समुद्राचा बर्फ मोडते.
रात्री दहानंतर, कारण दिवसा व्होल्टेज टिकत नाही
आणि मशीन तापून शिट्टी मारतं.

बासष्ट हजार कण.
प्रत्येकाला शेजारी दिलेत, शेजाऱ्याशी बंध,
बंधाला सांगून ठेवलंय
किती ताणायचं, किती वाकायचं, कधी सोडायचं.
मग दोन्ही टोकं टेकवून
मधोमध भार ठेवायचा
आणि बसून राहायचं.

मोडत नाही.
म्हणजे मोडतो, पण फार उशिरा.
तिकडे उत्तरेत कुणीतरी जहाजावरून उतरून
करवतीनं कापून खरीखुरी तुळई मोडली,
तिच्या तिप्पट भार घेते माझी.
तक्त्यात त्या माणसाचं नाव नाही,
नुसतं तापमान: उणे नऊ.
माझ्या खोलीत एकेचाळीस.

सर म्हणाले, बंध ढिले कर.
केले.
तुळई मोडलीच नाही, लोंबली,
दोरीवरच्या ओल्या पोत्यासारखी.

मेसमध्ये कौसाबाई परातीशी भांडत होत्या.
जुनं पीठ, विरी गेलेलं.
थापली की काठाला चिरते, उचलली की हातात तुकडे.
उकळतं पाणी घालून बघितलं, तरी तेच.
"पीठ हाय, पाणी हाय, जवारी बी घरचीच.
धरून ऱ्हायचं तेवढं इसरलंय."
मी ते वाक्य वहीत लिहिलं
आणि खाली आकडा लिहायला जागा सोडली.

वसमत रस्त्याला बर्फाचा कारखाना आहे.
तिथं रज्जाकभाई टोच्यानं लादीवर रेघ ओढतात,
नखाएवढी खोल, बस.
दोन टोले.
दीडशे किलोची लादी सरळ दोन होते,
जशी काही ती याचीच वाट बघत होती.

कुठं मारायचं, कसं कळतं?
त्यांनी लादी उजेडाकडे वळवली.
कडेला काच.
आत, बरोब्बर मधे, एक दुधट उभा पट्टा.
"पाणी भायरून गोठत येतं, मॅडम.
बोअरचं पाणी, क्षार लई.
बर्फ क्षाराला जागा देत न्हाई, आत ढकलतो.
ढकलून ढकलून सगळा मधे गोळा.
तिथं लादी कच्ची."

हे मला माहीत होतं.
समुद्रही गोठताना मीठ बाहेर टाकतो,
जे निघून जाऊ शकत नाही ते थेंबाथेंबानं अडकतं,
बारीक उभ्या नळ्यांतून, खारट, न गोठलेलं.
माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं.
आणि माझ्या बासष्ट हजारांत
एक थेंब नव्हता.
सगळे सारखे, सगळे घट्ट, सगळे गुणी.

त्या रात्री भार ठेवायच्या आधी
मीच बंध तोडत बसले,
शंभरात सात, उभ्या रांगांनी, अंदाजानं.
बाकीच्यांना हात लावला नाही.

तीन वीसला खालच्या काठाशी एक लाल ठिपका.
बराच वेळ तेवढाच.
मग तडा वर निघाला, सरळ नाही,
या थेंबातून त्या थेंबात,
ओळखीच्या घरी पाणी पीत पीत
माणूस गावातून जातो तसा.

आकडा अजून जुळत नाही. जवळ आलाय.
सर म्हणतात, सात कुठून आणलेस?
त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

रज्जाकभाईंना फोनवर दाखवलं.
त्यांनी तीनदा पाहिलं, डोळे बारीक करून.
"आवाज न्हाई याला?"
नाही.
"मग फुटला, असं कुणी सांगितलं तुमाला?"

पाव लादी पोत्यात गुंडाळून
स्कूटीवर घेऊन आले, तोलून बघायला.
कॉलेजच्या फाटकाशी मागं वळले.
डांबरावर थेंबांची एक रांग माझ्यामागं आलेली,
आणि तिचं लांबचं टोक
वाळून पांढरं.