मोड

पालकसभा सकाळी ठेवली, तर सकाळी लिलाव.
रात्री ठेवली, तर पहाटे तीनला उठायचं असतं.
दोनदा मी रिकाम्या सतरंजीसमोर बसलो,
तिसऱ्यांदा फळा काखेत मारून
वलांडीखालीच गेलो,
जिथे बायका बोंबील वळत घालत होत्या.

मी औशाचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो अठ्ठाविसाव्या वर्षी,
खिशात नेमणुकीचा कागद होता.
तिसरीची मुलं अकरा.
चार वाचतात, पाच अक्षरं ओळखतात पण जोडत नाहीत,
आणि दोघं असतात तेव्हा असतात.

चाचणीत एका मिनिटाचं वाचन.
सरावाचा उतारा आला तो ज्वारीच्या खळ्याचा,
जणू माझ्याच गावचा.
वर्गात खळं पाहिलेला मी एकटा.
इरफान होडेकर कणसापाशी अडला,
म्हणाला, गुरुजी, याला काटे असतात काय?
सांगण्यात बावीस सेकंद गेले.
ते मी त्याच्या मिनिटात धरले नाहीत.
नियमात बसत नसेल, पण नाही धरले.

आणि भैरवी.
एका वाट्यात पाच आंबे, असे चार वाटे, एकूण किती?
तिने चोवीसचा गोल रंगवला.
वीस का नाही गं?
वाट्यावर एक वरचा घालतात ना, तिने मलाच समजावलं,
नाहीतर गिऱ्हाईक उद्या येत नाही.

हे सगळं मी वलांडीखाली सांगितलं.
म्हटलं, घाबरवू नका, मारू नका,
रोज दहा मिनिटं शेजारी बसा, एवढंच.
मग फळ्यावर मांडलं: बावन्न वजा सत्तावीस.
दोनातून सात जात नाहीत,
म्हणून शेजारच्या पाचाकडून एक दशक उसना घ्यायचा.

भागी चोगलेने हातातला बोंबील तसाच धरला.
भैरवीची आई. तिसरीतच सुटलेली.
'आणि परत कधी करायचा?'

बायका हसल्या. एकीने तर पदर तोंडाला लावला.
मी खडू घेऊन उभा.
अध्यापनशास्त्रात मला एकोणसत्तर गुण होते,
आणि एवढ्या वर्षांत
तो दशक कोणी परत केल्याचं
मला आठवेना.

तिने कनवटीची नोट काढली, पन्नासची, ओलसर.
'सत्तावीस द्यायचेत, आणि हिच्याशिवाय दोनच रुपये सुटे.
मी काय शेजारणीकडे जाते?
ही मोडते. दहाच्या पाच.
त्यातली एक परत मोडते, रुपये-रुपये.
दोन आणि दहा, बारा. दे आता सात.
उसनं नाय गुरुजी, आपलंच आपण मोडलं.
पैसे तेवढेच ऱ्हातात.'

दुसऱ्या दिवशी वर्गात
मी 'उसना' पुसला.
केंद्रप्रमुख म्हणाले, पुस्तकातलाच शब्द वापरा हो.
मी मान हलवली.
मुलं अजूनही म्हणतात, मोडू का, गुरुजी?

चाचणीच्या दिवशी वारा सुटला होता.
कागद उडू नयेत म्हणून प्रत्येकाने घरून
जाळ्याचं एकेक शिसं आणलं.
अकराच्या अकरा हजर. त्या दोघांना
त्यांच्या मावशीने हात धरून आणलं, एकाच्या पायात बूट,
दुसऱ्याच्या पायात भावाची चप्पल.
वाचताना इरफान कुठेही थांबला नाही,
थांबायला हवं होतं तिथेसुद्धा.

दुपारी उत्तरपत्रिका लावताना
भैरवीच्या पानावर, बाराव्या प्रश्नापाशी,
एक खवला चिकटलेला दिसला.
गोल, चकचकीत, बरोबर चौथ्या पर्यायावर.
यंत्राला काय कळणार.
मी नखाने हळूच काढला,
आणि खाली पाहिलं,
तिने दुसरा गोल रंगवला होता,
पेन्सिल दाबून, कागद फाटेल इतकी.

बरोबर होता की चूक, ते मी पाहिलं.
इथे सांगत नाही.