सव्विसावा भाग

बेचाळीस सेकंद लागायचे तिला.
हर्षालीच्या भावाच्या घड्याळावर आम्ही मोजले होते.
आधी केसांची रिबीन सुटायची,
मग बूट, मग हातमोजे,
शेवटी गळ्याशी तो बिल्ला, टण्ण,
आणि सातवीतली सुझुनो, गणितात नापास,
शहर वाचवायला तयार.
तोवर राक्षस थांबायचा.
दर भागात. शिस्तीत.
रॉकेलच्या रांगेत थांबावं तसा.

माझा भाऊ तिला सुझुकीच म्हणायचा.
चिडायला वेळ नव्हता, आम्हाला कामं होती.
बिल्ला हवा होता. हर्षालीच्या पप्पांनी
अंबडच्या कंपनीतून आणला एक रिजेक्ट बुश,
आतून आरसा, बाहेरून ओरखडा.
"दोन मायक्रॉननं गेला," ते म्हणाले,
कुणी वारल्यासारखं.
बोलणारा कोल्हा सातपूर कॉलनीत मिळेना,
म्हणून रसवंतीमागचं मुंगूस नेमलं.
ते बोललं नाही कधी,
पण ऐकून घ्यायचं, असं हर्षालीचं मत.

राक्षस नासर्डीतूनच येणार, हे उघड होतं.
त्या वासातून दुसरं काय येईल?
पुलाच्या कठड्याशी आम्ही, जानेवारीत,
कानटोप्या काढून
(कानटोपीत रूपांतर होत नाही),
आळीपाळीनं बुश गळ्याशी धरून
डोळे मिटून मोजायचो.
तिशीच्या पुढे कधी गेलो नाही.
कुणीतरी टेम्पोवाला ओरडायचाच,
"ए पोरींनो, मरायचंय का?"

पंचवीस भाग पाहिले.
सव्विसाव्याला, सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी,
लाइट गेली.
आली तेव्हा पडद्यावर कुणीतरी
कुकरची शिट्टी विकत होतं.

शेवट मग आम्हीच केला.
हर्षाली म्हणाली, सुझुनो मरते.
मी म्हटलं, तूच मर.
तीन दिवस अबोला.
चौथ्या दिवशी डबा खाताना ठरलं:
जिंकते, आणि गणितात पुन्हा नापास होते.

पुढे कंपनी बंद पडली.
खैरनारांचं सामान टेम्पोत चढलं,
वर उलटा पलंग, चार पाय आभाळाला.
बुश कुणाकडे राहिला
याबद्दल माझी आठवण दरवर्षी वेगळं सांगते.

परवा लॅबमध्ये, रात्रपाळीला,
नळ्या यंत्रात फिरायला लावून
मोबाईलवर सापडला तो भाग.
जपानीत. खाली अक्षरं नाहीत.
तरी कळलं.
ती जिंकते.
किंमत एवढीच, की नंतर कुणालाच काही आठवत नाही.
रेल्वे फाटकापाशी ती आणि तिची मैत्रीण समोरासमोर,
मधून गाडी जाते,
फाटक उघडतं,
दोघी एकमेकींच्या शेजारून
दप्तरं सावरत निघून जातात.
वीस वर्षं थांबून हे?
यंत्र थांबलं. नळीत रक्ताचे दोन भाग,
वर पिवळं, खाली लाल.
मी लेबलं लावली.

आणि आज आयटीआय सिग्नलला
शेजारच्या स्कूटरवर ते डोळे.
तोंडाला स्कार्फ, तिच्याही, माझ्याही.
आपल्या गावात दुपारी सगळ्याच बायका
गुपचूप कुणाला तरी वाचवायला निघाल्यासारख्या दिसतात.
सिग्नलवर आकडा अठरा.
मी मानेमागची गाठ शोधली,
मग हातमोजा, तोही घामानं चिकटलेला,
एकच निघाला.
मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न धरून ठेवला.
ती त्र्यंबकच्या बाजूला गेली.
तीच होती का, शपथेवर सांगणार नाही.

नासर्डीला हल्ली पाटीवर नंदिनी लिहितात.
वास तोच आहे.
पुलावर गाडी बाजूला घेतली,
उघडा हात गळ्याशी नेला
आणि राहिलेले चोवीस
तिथे उभी राहून मोजले.