पान सोडणे

रानडेच्या आवारात दोन जिने आहेत.
एकानं मी बाविसाव्या वर्षी वर गेले होते,
पत्रकारिता शिकायला;
दुसऱ्यानं आता जाते, अठ्ठावन्नाव्या वर्षी,
संध्याकाळी सहाच्या फ्रेंचच्या वर्गाला,
गुडघ्यांची परवानगी घेऊन.

मादाम वझलवार म्हणाल्या,
आपापल्या धंद्यातले वीस शब्द आणा.
बेकरीवाल्या पोराचे वीस पावांतच संपले.
मी वहीत उभी रेघ मारली,
डावीकडे इंग्रजी, उजवीकडे फ्रेंच.
मराठीला जागा उरली नाही,
म्हणून समासात.

खोटी बातमी: कानार. म्हणजे बदक.
वर्ग हसला. मला दोन-तीन बदकं
नावानिशी आठवली,
एक तर पहिल्या पानावर, फोटोसह.
दरवर्षी त्याच सुमाराला उगवणारी बातमी:
मारोनिए, चेस्टनटचं झाड.
चेस्टनट मी पाहिलेलं नाही.
समासात लिहिलं: भिडे पूल पाण्याखाली.

सोर्स दोन्हीकडे एकच,
पण फ्रेंचमध्ये तो झराही असतो.
आपलं सूत्र म्हणजे दोरा.
तीस वर्षं ‘सूत्रांनी सांगितले’ लिहिलं,
दुसरं टोक कुणाच्या हातात आहे
हे विचारायची पद्धत नव्हती.

छपाईतली चूक: कोकीय. शिंपला.
इथे सणसकाका आठवले, हैबती सणस,
नारायण पेठेतल्या कचेरीत
कानावर लाल पेन ठेवून बसणारे.
एकदा शोकसभेची शौकसभा झाली होती,
ती त्यांनी मशीन थांबवून वेचली.
काका, तुम्ही जन्मभर शिंपले वेचलेत,
आणि तेही मुठेच्या काठी.
ते म्हणाले असते,
कोकीय की कोकिय? आधी ऱ्हस्व-दीर्घ ठरवा.

डेडलाइनला जवळचा शब्द बुक्लाज:
ते पानाला बक्कल लावतात.
आपण पान सोडतो.
रात्री पावणेबाराला प्रेसवरून फोन,
सोडलं का? सोडलं.
द्रोणात दिवा ठेवून नदीत सोडावा, तसं नाही.
स्वारगेटहून शेवटची बस सुटते, तसं.

अठराव्या शब्दाला पेन थांबलं.
परिच्छेदाची शेवटची ओळ
एकटीच पुढच्या कॉलमाच्या माथ्यावर गेली
तर ती विडो. व्हव. विधवा.
रेघेच्या अलीकडे, पलीकडे, समासात,
तीच बाई.
आमच्याकडे नियम होता: दिसली की कापायची.
पान बरं दिसत नाही.

त्या रात्री निधनवार्ता सहा होत्या.
सराफाची जाहिरात उशिरा आली,
मजकूर खालून ढकलला गेला,
चौथ्या वार्तेची ओळ पुढच्या कॉलमात गेली.
कापली.
नाव पाहिलं नाही. नाव पहिल्या ओळीत असतं,
मी शेवटच्या ओळीवर होते.

सकाळी चहाच्या कपाशेजारी वाचलं:
हैबती सणस, वय ७१, निवृत्त मुद्रितशोधक,
यांचे अल्पशा आजाराने निधन झाले.
आणि लगेच पुढचं निधन.
कापलेली ओळ मूळ कागदावर सापडली,
वरच्याच गठ्ठ्यात,
त्यांच्या पश्चात पत्नी गजराबाई आहेत.

रविवारी पर्वतीच्या पायथ्याशी गेले.
कात्रण त्यांनी देवाच्या फळीवर ठेवलं होतं.
तुमच्याच पेपरात आलंय की, म्हणाल्या,
सगळ्यांनी पाहिलं, मला कुणी वाचून दाखवलं नाही.
चष्मा फुटलाय.

मी कात्रण उजेडाकडे धरलं
आणि वाचून दाखवलं,
शेवटच्या ओळीसकट.