दुपारी सुटणारा टाका

अंबडला, सीट कव्हर शिवणाऱ्या शेडमध्ये,
तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा
मी पहिल्यांदाच दुपारी गेलो.

आधीच्या दोन्ही खेपा सकाळच्या.
अकरा नंबरचं मशीन, वॉकिंग फूट, जड कामाचं,
सकाळी पाहुण्यांसमोरच्या पोरासारखं शहाणं.
रेक्झिनच्या तुकड्यावर शिवण मारून पाहिली,
टाक्याला लागून टाका, वरून-खालून सारखा.
सुई बदलली, तेल पाहिलं, चहा घेतला
आणि सर्व्हिस रिपोर्टवर लिहिलं:
मशीन ओके. ऑपरेटर.
पुढे क्रियापदसुद्धा नाही.

मालेगावच्या मुश्ताक वस्तादांच्या हाताखाली
सात वर्षं मी पडलेले स्क्रू वेचले.
ते म्हणायचे, खोलायच्या आधी जवळ बस.
आजाऱ्याजवळ बसतात तसं,
काही न विचारता.
विसरलो नव्हतो. घाई होती.
पाथर्डी फाट्यावर आणखी दोन कॉल थांबले होते.

तर, दुपारचे अडीच. एप्रिल.
पत्र्याखाली हवा शिजत होती,
दारातून पांडवलेणीचा डोंगर पिवळा, थरथरता.
लीलावती बागूल मान वर न करता म्हणाल्या,
"बसा. आता करंल ती."

बसलो.
चार थर, मध्ये फोम, कोपऱ्यावर वळण.
खट् खट् खट्, आणि मग एक पोकळ ठोका,
अंधारात जिना उतरताना
शेवटची पायरी नसावीच, तसा.
टाका सुटला. पुढचे तीन नीट. परत एक.

हुकच्या टोकावरून नख फिरवलं.
अडकलं. बारीक कुसळाएवढा ओरखडा,
डोळ्याला न दिसणारा.
म्हणजे सुई हुकला लागतेय.
पण का? टायमिंग तर बरोबर.
सुई तळ गाठून जराशी वर येते,
दोरा मागे फुगतो,
त्या फुग्यात हुकनं शिरायचं,
मध्ये फट कागदाएवढी.
सगळं जागच्या जागी होतं.

मग मी मशीन सोडलं
आणि हात पाहिले.

डावा तळवा मागून कापड ओढत होता.
थोडंसंच. सुई वाकेल इतकं.
"ओढता का?"
"नाही ओढलं तर हलतंय कुठं?"
बोट लावलं. रेक्झिन घामेजलेलं,
लोखंडी पायाला धरून बसलेलं.
सकाळी कोरडं, दुपारी गुळाचा पाक.
त्या ओढत, सुई वाके, हुकला लागे, टाका सुटे,
आणि शिफ्ट संपताना
बागूल या नावापुढे रिजेक्शनचा आकडा.

टोक दगडावर घासलं, पॉलिश केलं.
आतला-बाहेरचा, दोन्ही पाय काढून
टेफ्लॉनचे बसवले. जोडी चारशे साठची.
"आता हात सोडून चालवा."
त्यांनी हात उचलले, पण लांब नेले नाहीत,
कापडावर बोटभर अंतरावर धरून ठेवले.
कापड आपलं आपण गेलं.
कोपऱ्यावरूनसुद्धा.

मला वाटलं, हसतील.
त्या म्हणाल्या, "मागं दोनदा पैसे कापले, ते?"

माझ्या पेटीत ॲलन की आहेत, फीलर गेज आहे,
चिमटा, आरसा, तुटलेला स्क्रू काढायचं
उलट्या आट्यांचं हत्यार आहे.
मी पेटीत बघत राहिलो.

रिपोर्टवर लिहिलं:
रेक्झिन उन्हाने चिकटते. पाय बदलले.
ऑपरेटरचा दोष नाही.
खैरनार साहेबांनी वाचलं.
"शेवटची ओळ कशाला? बिलात तर धरत नाही ती."
"असू द्या," म्हटलं.
त्यांनी सही केली. घड्याळ पाहून.

वहीत मागच्या दोन खेपांच्या
कार्बन कॉप्या अजून आहेत.
तारीख पुसट, मशीन नंबर पुसट, माझी सहीसुद्धा.
तो एक शब्द तेवढा स्वच्छ उमटलाय.
लिहिताना मी पेन दाबलं होतं.