डीपीशेजारची खोली

ऑर्डरवरचं गावाचं नाव
बाबांनी दोनदा वाचलं, मग म्हणाले,
सिंदेवाहीपर्यंत एसटी जाते, पुढचं पुढं.
पुढचं म्हणजे काळीपिवळी, बांबूचं रान,
आणि फाट्यावर उभा सबस्टेशनचा ऑपरेटर,
माझ्या वळकटीकडे बघत:
मॅडम, तुमीच का नवीन विद्युत सहायक?
मले वाटलं पोरगं येईन.

पहिली खोली किराणा दुकानाच्या वर.
टाइल्स नव्या, नळ आत, खिडकीतून अख्खा तलाव.
मालकानं खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं.
आडनाव?
मेश्राम.
कोन्ते मेश्राम?

मुलाखतीत विचारलं होतं,
अकरा केव्हीची तार तुटून पडली तर आधी काय कराल?
त्याचं उत्तर पाठ होतं.
याचं मी दिलं: हिंगणघाटचे.
तो हसला. म्हणाला, खोलीत भाचा येनार आहे दिवाळीनंतर.
तेव्हा पोळासुद्धा व्हायचा होता.

दुसरी, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या निर्मलाबाईंकडे, मागच्या अंगाला.
बाईमाणूस आहे ना घरात, मग घेऊन टाक, आई फोनवर.
पण सातला फाटक लागते.
मी म्हटलं, फ्यूज घड्याळ बघून जात नाही.
त्या म्हणाल्या, मंग रातच्यानं पोरीनं खांबावर चढाचंच काहून?
त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजीच होती,
म्हणून आणखी काही बोलता आलं नाही.

तिसरं, सरकारी क्वार्टर. फुकट.
कडी नाही, अर्धी कवेलू वानरांनी खाली आणलेली.
मोहफुलाच्या दिवसांत अस्वल येते व्हरांड्यात,
ऑपरेटर सांगत होता,
काही करत नाही जी. बसते फक्त.

अकरा दिवस मी सिंदेवाहीहून ये-जा केली.
पंधरा हजारातले किती गेले ते लिहून ठेवलं आहे.

बाराव्या दिवशी शटडाउन घेऊन
तारेवर आलेल्या चिंचेच्या फांद्या तोडायला चढले.
वरून गाव पहिल्यांदा सगळं दिसलं:
कुणाचे आकडे कुठे लटकतात,
किराणावाल्याच्या टाकीला झाकण नाही,
आणि डीपीच्या कुंपणाला लागून
एक कुलूपबंद खोली, कवेलूंवर दोडक्याचा वेल,
ओट्यावर जाळं सांधत बसलेला एक माणूस.

खाली आले, बेल्ट न सोडताच विचारलं.
नाव?
ऋषी नान्हे.
आणि खोटं कशाला सांगू,
क्षणभर मीही त्याला कुठेतरी ठेवून बघितलं.
तो म्हणाला, सातशे द्या. कोनी राहात नाही.
मास्तर होते एक, महिन्यात पळाले,
हे रातभर घुंऽऽ करते, डोकं उठते म्हनत.
मग जाळ्याकडेच बघत: मासोळीचा वास चालते ना तुमाले?

चालतो.
घुंऽऽ तर माझ्या ओळखीचं.
जिनिंगच्या भिंतीला लागून आमचं घर,
हंगामात आम्ही चौघं त्या आवाजात जेवलो, भांडलो, पाढे म्हटले.

आता आवाज असतो तोवर झोपते.
थांबला की जागी होते,
फोन वाजायच्या आत बूट पायात असतात.
गेल्या आठवड्यात रात्री दोनला किराणावाला:
मॅडम, लाइट गेली आमची.
मी विचारलं, कोणतं घर?
त्यानं दुकानाच्या पाटीसकट पूर्ण पत्ता सांगितला.
मी ऐकून घेतला, सावकाश.
मग टॉर्च घेऊन गेले. जावंच लागतं.

ऋषीदादा सकाळी कधी ओट्यावर
पळसाच्या पानात झिंगे ठेवून जातात.
पैसे घेत नाहीत, मीटर जरा बघा म्हणतात.
मीटर जोरात पळतं, खरं आहे. अर्ज लिहून दिला आहे.

आईला अजून सांगितलेलं नाही
की खिडकी डीपीकडे उघडते.
तिला मी तलाव सांगितला आहे,
त्यातली कमळंसुद्धा.